हिमनदीला कोण खातं: समुद्र की तिचंच पाणी?

प्रश्न नागपुरातल्याच एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मॅडमचा आहे. नववीच्या वर्गात त्यांनी ग्रीनलंडमधली हिमनदी समुद्रात कोसळतानाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, तिथलं समुद्राचं पाणी तर शून्याच्या जवळ असते, मंग बर्फ काहून वितळते?" मॅडमनी तो प्रश्न माझ्याकडे पाठवला आणि स्वतःचे दोन जोडले. हिमनदीवर वितळून समुद्रात जाणारं पाणी हा नुसता परिणाम समजायचा, की त्यानेही काही बिघडतं? आणि हिमालयातल्या हिमनद्यांना हेच सगळं लागू करून शिकवायचं का?

मॅडम, थोडक्यात सांगायचं तर उष्णता समुद्राची असते, ती बर्फाला नेऊन भिडवायचं काम वितळलेलं पाणी करतं, आणि या दोघांनी मिळून केलेलं नुकसान किती लांब जाईल हे हिमनदीखालची जमीन ठरवते. बहुतेक पुस्तकांत समुद्र आणि वितळपाणी ही दोन वेगळी कारणं म्हणून दोन परिच्छेदांत येतात. मग मुलं विचारतात, यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं? त्या प्रश्नाला नीट उत्तरच नाही. थंड समुद्रांत तापमान आणि क्षारता मोजणारी यंत्रं खाली सोडणं हा माझा धंदा, म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो. हिमनदीवाले बर्फापासून करतील आणि तेही चूक नसतील.

आधी त्या मागच्या बाकावरच्या मुलाचं. त्याने धरून चाललंय की बर्फ शून्य अंशाला वितळतो. गोड्या पाण्यात ते खरं आहे. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, आणि ते पाणी उणे 1.9 अंशांपर्यंत गोठत नाही. त्यामुळे उणे 1 अंशाचं खारं पाणी बर्फाला लागलं तरी बर्फ झिजतो. हातात घेतलं तर बोटं बधिर करणारं पाणी बर्फाच्या हिशेबात अजून "ऊन"च असतं. त्यात दाबाची भर पडते. खोली वाढली की गोठणबिंदू आणखी खाली जातो, दर हजार मीटरला साधारण पाऊण अंश. समुद्रतळाला 600 मीटर खोलीवर टेकलेल्या हिमनदीच्या पायाशी तो उणे 2.3 च्या आसपास येतो. तिथे 3 अंशांचं पाणी पोहोचलं तर बर्फाला खायला पाच अंशांहून जास्त शिल्लक मिळते. आमच्या हिशेबात पाण्याचं तापमान एकटं कधी येत नाही. ते गोठणबिंदूच्या किती वर आहे, तो फरक आम्ही धरतो.

हा आकडा मुलांकडून फळ्यावर करून घेण्यासारखा आहे. एक किलो बर्फ वितळवायला 334 किलोज्यूल लागतात. एक किलो समुद्राचं पाणी एक अंशाने थंड झालं की सुमारे 4 किलोज्यूल सुटतात. म्हणजे पाच अंश शिल्लक असलेलं सतरा किलो पाणी एक किलो बर्फ संपवतं. ग्रीनलंडच्या एखाद्या मोठ्या फियोर्डमध्ये (हिमनदीने कोरलेली, डोंगरांत शिरलेली समुद्राची अरुंद, खोल खाडी) असं पाणी किती असतं याचा अंदाज केला की मुलं सूर्याला विसरतात.

पण ते पाणी असतं कुठे? वर नसतं, खाली असतं, आणि इथेच आपल्या उष्ण प्रदेशातल्या माणसाची समज उलटी पडते. अंबाझरी तलावात मे महिन्यात हात घातला तर वरचं पाणी गरम आणि खालचं गार लागेल. ग्रीनलंडच्या फियोर्डमध्ये बोटीच्या कडेने सीटीडी खाली सोडताना (क्षारता, तापमान आणि खोली एकत्र मोजणारं हे यंत्र, धातूच्या पिंजऱ्यात बसवलेलं) पडद्यावर दिसतं ते असं. उन्हाळ्यात अगदी वरचे काही मीटर शून्याच्या थोडे वर, क्षारता कमी, कारण त्यात वितळलेलं गोडं पाणी मिसळलेलं असतं. मग तापमान घसरत शून्याखाली जातं, दीडशे-दोनशे मीटरपर्यंत तसंच राहतं. हे आर्क्टिककडून आलेलं ध्रुवीय पाणी. त्याखाली मात्र आकडा परत चढायला लागतो, 1, 2, 3, काही फियोर्डमध्ये त्याहून वर. क्षारताही चढते, 34 च्या पुढे जाते. दोरावर यंत्र आणखी खाली जात राहतं आणि तापमान तळापर्यंत तसंच टिकून राहतं. हे अटलांटिकचं पाणी. उष्ण कटिबंधाच्या बाजूने निघालेल्या प्रवाहाचा तो लांबवर पोहोचलेला फाटा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला यंत्र बिघडलंय असंच वाटतं.

ऊन पाणी खाली कसं राहतं? थंड पाण्यात घनता ठरवते ती मुख्यतः क्षारता, तापमानाचा वाटा तिथे फार कमी. खारं म्हणून जड, जड म्हणून खाली. वरचं गोडसर, हलकं, थंड पाणी त्यावर झाकण बनून बसतं. फियामा स्ट्रानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आग्नेय ग्रीनलंडच्या सर्मिलिक फियोर्डमध्ये, हेल्हाइम हिमनदीच्या दारात, असंच अटलांटिक पाणी मोजून दाखवलं, तेव्हा त्या भागातल्या हिमनद्या 2000 नंतरच्या दशकात एकाएकी का धावल्या या प्रश्नाला समुद्राकडून उत्तर मिळायला लागलं.

आता अडचण बघा. ऊन पाणी खोलवर आहे, हिमनदीचा पायाही खोलवर आहे, दोघं समोरासमोर आहेत. तरी नुसत्या समोरासमोर असण्याने फार वितळत नाही. बर्फाला लागलेलं पाणी थंड होतं, त्यात गोडं पाणी मिसळतं, आणि बर्फाभोवती थंड, गोडसर पाण्याचं पातळ आवरण तयार होतं. मागचं ऊन पाणी त्या आवरणापलीकडे अडकतं. कूलरची टाकी भरलेली आहे, खस भिजलेलं आहे, पण पंखा बंद आहे. खोली गार होत नाही. हिमनदीच्या बाबतीत तो पंखा म्हणजे तिचंच वितळलेलं पाणी.

हे वर्गात दाखवता येतं, आणि मी तर म्हणेन व्हिडिओपेक्षा हे आधी दाखवा. रंग घालून बर्फाचे खडे करा. एका काचेच्या ग्लासात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला 35 ग्रॅम या मापाने मीठ घातलेलं पाणी, दोन्ही एकाच तापमानाला. दोन्हींत एकेक खडा सोडा आणि कुठला आधी वितळेल यावर वर्गाला बोली लावू द्या. बहुतेक मुलं मिठाच्या पाण्यावर लावतील आणि हरतील. साध्या पाण्यात रंगीत थंड पाणी तळाकडे ओघळत जातं, त्याच्या जागी नवं पाणी बर्फाला येऊन लागतं. मिठाच्या पाण्यात वितळलेलं रंगीत पाणी हलकं असल्याने वरच थर करून बसतं आणि बर्फ स्वतःच्याच गार पाण्यात भिजत राहतो. तो सावकाश वितळतो.

दुसरा भाग थोडा खटपटीचा आहे. काचेची टाकी घ्या, मासे ठेवतात तसली. मिठाच्या पाण्याने भरा. एका टोकाला बर्फाची लहान लादी उभी करा; ती वर उसळेल, म्हणून वरून फळीने दाबून धरा. सलाईनची नळी घेऊन तिचं तोंड लादीच्या पायाशी टेकवा आणि त्यातून रंगवलेलं साधं पाणी बारीक धारेने सोडा. गोडं पाणी हलकं, ते लादीला चिकटून सरळ वर चढतं, आणि चढताना आजूबाजूचं मिठाचं पाणी ओढून घेतं. थोड्या वेळाने फळी काढून लादी बघा. धार गेली तिथे उभी खाच पडलेली सापडेल, बाकीची लादी तुलनेने सपाट. खऱ्या हिमनदीच्या पाण्याखालच्या कड्यावरही असंच होतं, फक्त खाचेची उंची शेकडो मीटर असते. नळीतलं पाणी टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं ठेवा, नाहीतर हुशार पोरं म्हणतील की गरम पाण्याने वितळलं.

हिमनदीला ही "सलाईन" कोण लावतं? उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो, ओढे होतात, तळी साचतात. ते पाणी भेगांतून आणि उभ्या विवरांतून हिमनदीच्या तळाशी उतरतं, बर्फ आणि खडक यांच्या मधल्या वाटांनी पुढे सरकतं, आणि हिमनदीच्या तोंडाशी समुद्राच्या पृष्ठभागाखाली कित्येक शे मीटरवर बाहेर पडतं. गोडं पाणी खाऱ्या पाण्याच्या तळाशी सुटलं की ते वर उसळणारच. या उसळत्या झोताला आम्ही मराठीत बोलतानाही प्लूमच म्हणतो. वाटेत तो स्वतःच्या कितीतरी पट अटलांटिक पाणी ओढून घेतो, बर्फाच्या कड्यावर घासत वर येतो, आणि ते पातळ आवरण त्याच्यासमोर टिकत नाही. म्हणजे सूर्याने वर वितळवलेलं पाणी स्वतः जेमतेम शून्य अंशाचं असतं. त्याच्यात बर्फ वितळवण्याची ताकद जवळजवळ नसते. पण समुद्राच्या उष्णतेला ते बर्फापर्यंत घेऊन येतं.

फियोर्डमध्ये उभं राहिलं की प्लूम डोळ्यांनीही दिसतो, निदान जोरदार असला तर. हिमनदीच्या पांढऱ्या-निळ्या भिंतीसमोर गढूळ तपकिरी पाण्याचा अर्धवर्तुळाकार डाग असतो, तिथे तरंगते बर्फाचे तुकडे बाजूला ढकललेले असतात, आणि वर किट्टीवेक पक्ष्यांचा गोंगाट चाललेला असतो. खालून आलेल्या पाण्यासोबत प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वर येतं, ते टिपायला हे पक्षी जमतात, सीलही येतात. मासेमारीच्या दृष्टीने ही चांगली जागा, कारण खोलवरची पोषकद्रव्यं वर येतात. हिमनदी मागे हटत जमिनीवर गेली की तिचं पाणी पृष्ठभागावरूनच समुद्रात मिसळतं आणि हा उपसा बंद पडतो. हा विषय वेगळा आहे, पण जीवशास्त्राच्या सरांना तो द्या, त्यांना आवडेल.

दोघांमधला हिशेब कसा बसतो, तेही सांगतो. प्लूमच्या गणितात वितळण्याचा वेग तळाशी येणाऱ्या पाण्याच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतो. पाणी आठपट केलं तर वितळणं दुप्पट. समुद्राच्या पाण्याची "शिल्लक", म्हणजे गोठणबिंदूच्या वरचे अंश, दुप्पट केली तर वितळणंही जवळपास दुप्पट. म्हणजे थोडंसं पाणी सुटलं तरी ढवळणं सुरू होतं, आणि त्यानंतर पाण्यापेक्षा समुद्राचं तापमान जास्त बोलतं. पण दोन्ही एकमेकांना गुणतात, यातलं एक शून्य झालं तर दुसऱ्याचा फारसा उपयोग नाही. म्हणून वर म्हटलं की कोण मोठं हा प्रश्नच जमत नाही.

एवढं सांगून मी हात झटकले असते, पण अलास्कातल्या लकाँट हिमनदीने आमच्या गणिताला चांगलाच धक्का दिला आहे. हिमनदीच्या भिंतीजवळ बोट नेणं म्हणजे जीव गमावण्याचं काम, कधी कुठला तुकडा कोसळेल सांगता येत नाही. डेव्ह सदरलंड आणि रेबेका जॅक्सन यांच्या गटाने बोटीवरच्या सोनारने पाण्याखालच्या भिंतीचा आकार पुन्हा पुन्हा टिपला आणि त्यातून वितळण्याचा वेग थेट काढला; पुढे त्यांनी भिंतीजवळ माणसांशिवाय चालणाऱ्या कयाक होड्याही पाठवल्या. 2019 मध्ये निष्कर्ष छापून आले. प्लूमपासून दूरच्या, शांत समजल्या जाणाऱ्या भागातही बर्फ सिद्धांताने सांगितल्यापेक्षा शंभरपटीपर्यंत जास्त वेगाने वितळत होता. कारणांपैकी एक फार मजेशीर आहे. हिमनदीच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वीच्या हवेचे दाबलेले बुडबुडे असतात. बर्फ वितळला की ते फुटतात, वर चढतात, आणि भिंतीलगतचं ते पातळ आवरण मोडतात. प्रयोगशाळेत बुडबुडेवाला बर्फ बिनबुडबुड्यांच्या बर्फापेक्षा दुपटीहून जास्त वेगाने वितळला. हे फुटणं इतकं चालू असतं की पाण्याखाली मायक्रोफोन सोडला तर हिमनदीचा फियोर्ड समुद्रातल्या सर्वात गोंगाटाच्या जागांपैकी एक निघतो. तुमच्या प्रयोगासाठी कारखान्यातली पारदर्शक लादी घेतलीत तर हा भाग सुटेल, एवढं ध्यानात असू द्या.

पाण्याखाली खाच पडली की पुढचं काम गुरुत्वाकर्षण करतं. वरचा बर्फ पुढे आलेला, खालून पोखरलेला, तो मोडतो. व्हिडिओत दिसणारं कोसळणं हा शेवट आहे, सुरुवात बऱ्याच आधी पाण्याखाली झालेली असते. नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिकमध्ये असलेल्या स्वालबार्ड बेटांवरच्या क्रोनेब्रीन आणि तिच्यासारख्या आणखी दोन हिमनद्यांवर केलेला अभ्यास 2015 मध्ये आला. बर्फ तुटण्याचा वेग हवेच्या तापमानामागे न जाता 20 ते 60 मीटर खोलीवरच्या पाण्याच्या तापमानामागे गेला. उन्हाळा सरून हवा गार झाली तरी पाणी उशिरापर्यंत ऊन राहतं, आणि तुटणंही तोवर चालू राहतं. क्रोनेब्रीन ज्या कोंग्सफियोर्डमध्ये उतरते, त्याच्या काठावर नी-आलेसुंडला आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र 2008 पासून आहे, आणि 2014 मध्ये भारताने त्याच फियोर्डच्या तळाशी इंडआर्क हा यंत्रसंच नांगरून ठेवला, वर्षभर तापमान आणि क्षारता नोंदवत राहण्यासाठी. मुलांना भारताचा संबंध दाखवायचा तर हा दाखवा. अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारतीची नावं त्यांना पाठ असतातच.

सिद्धांत बाजूला ठेवून एकच गोष्ट सांगायची झाली तर मी पश्चिम ग्रीनलंडच्या याकोब्सहाव्न हिमनदीची सांगतो. तिचं स्थानिक नाव सर्मेक कुयालेक. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिच्या तोंडाशी तरंगणाऱ्या बर्फाची लांब जीभ होती. 1997 मध्ये डिस्को उपसागरात खोलवर ऊन पाणी शिरलं. हे कळलं कशावरून? हवामानशास्त्रज्ञांनी मुद्दाम काही मोजलं नव्हतं. मासळी आणि कोळंबीच्या सर्वेक्षणासाठी दरवर्षी जाळी ओढताना तळाचं तापमान नोंदलं जात होतं, त्या वह्यांतून हे पुढे सापडलं. 2003 पर्यंत ती तरंगती जीभ मोडून गेली. जीभ तरंगती होती, त्यामुळे ती गेल्याने समुद्र वाढला नाही. पण ती मागच्या बर्फाला रेटून धरत होती. रेटा गेला आणि हिमनदी धावायला लागली. 2012 च्या उन्हाळ्यात तिचा वेग दिवसाला 46 मीटर मोजला गेला, वर्षाच्या हिशेबात 17 किलोमीटर. मग 2016 च्या सुमारास उपसागरात थंड पाणी आलं, आणि हीच हिमनदी मंदावली, तोंडाशी जाड झाली, थोडी पुढेही सरकली. हवा काही त्या काळात थंड झाली नव्हती. काही लोकांनी यावरून "बघा, ग्रीनलंड सावरतंय" असा डंका पिटला. मला तर यात उलट अर्थ दिसतो: पाण्याचा दीड-दोन अंशांचा फरक एवढ्या मोठ्या बर्फाला लगाम घालू शकतो, तर त्याच पाण्याने लगाम सोडला की काय होईल याचा अंदाज करावा.

वितळपाण्याचे आणखी दोन उद्योग आहेत. तळाशी उतरलेलं पाणी हिमनदीला उचलून घसरडं करतं. 2002 मध्ये झ्वॉली आणि सहकाऱ्यांनी ग्रीनलंडचा बर्फ उन्हाळ्यात वेग घेतो हे दाखवलं तेव्हा बरीच खळबळ उडाली. वाटलं, जितकं वितळेल तितकं धावेल, याला अंतच नाही. पुढे कळलं की पाणी वाढलं की तळाशी मोठ्या वाटा तयार होतात, पाणी झपाट्याने निघून जातं, दाब उतरतो आणि उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बर्फ उलट मंदावतो. वर्षाचा हिशेब फारसा बदलत नाही. मुलांना हा भाग एका वाक्यात सांगितला तरी पुरे. एक घटना मात्र सांगाच. 2006 च्या जुलैमध्ये ग्रीनलंडच्या बर्फावरचं साडेपाच चौरस किलोमीटरहून मोठं तळं दोन तासांच्या आत रिकामं झालं. जवळजवळ एक किलोमीटर जाड बर्फ चिरून पाणी तळाला गेलं, त्याचा प्रवाह त्या वेळी नायगाराच्या सरासरीपेक्षा जास्त होता, आणि वरचा बर्फ मीटरभर उचलला गेला.

पाणी बर्फ चिरतं ते असं: भेगेत भरलेलं पाणी बर्फापेक्षा जड, ते भेगेला तळापर्यंत फाडत नेतं. अंटार्क्टिक द्वीपकल्पावरचा लार्सन-बी हा तरंगता बर्फपट्टा 2002 च्या सुरुवातीला असाच गेला. आधीच्या उन्हाळ्यांत त्याच्यावर तळी साचलेली उपग्रहातून दिसत होती. सुमारे 3,250 चौरस किलोमीटर बर्फ महिनाभरात चुरा झाला, आणि मागच्या हिमनद्यांचे वेग काही पटींनी वाढले.

राहिला तिसरा भागीदार, जमीन. अलास्कातली कोलंबिया हिमनदी तोंडाशी आपल्याच गाळाच्या बांधावर टेकून बसली होती. 1980 च्या सुमारास ती त्या बांधावरून मागे सरकली, मागे खोल पाणी होतं, आणि मग ती थांबेचना; 20 किलोमीटरहून जास्त मागे गेली. (तिचे हिमनग प्रिन्स विल्यम साउंडच्या जहाजमार्गात येत. 1989 मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हा तेलवाहू टँकर असा बर्फ चुकवायला मार्गाबाहेर गेला आणि खडकावर चढला.) बांधावर टेकलेली हिमनदी बरेच धक्के पचवते, आणि एकदा बांध सुटला की हवामान जैसे थे राहिलं तरी पळत सुटते. फियोर्डच्या तोंडाशी समुद्रतळाचा जो उंचवटा, म्हणजे उंबरठा, असतो तोही असाच. तो उंच असेल तर खोलवरचं ऊन पाणी आतच येत नाही. नासाने 2016 पासून काही वर्षं ग्रीनलंडभोवती विमानातून तापमान मोजणारी यंत्रं समुद्रात टाकली आणि फियोर्डचे तळ मोजले, ते याचसाठी. तळाचा नकाशा नसेल तर शेजारच्या दोन हिमनद्यांपैकी एक का पळते आणि दुसरी का बसून आहे, हे सांगता येत नाही.

अंटार्क्टिकात या भागीदारीचं गणित बदलतं. तिथे उन्हाळ्यातही वर फारसं वितळत नाही, म्हणून तळाशी येणारा गोड्या पाण्याचा लोंढा ग्रीनलंडसारखा नाही. तरंगत्या पट्ट्याखाली खोलवर शिरलेलं ऊन पाणी बर्फ वितळवतं आणि त्या वितळण्यातूनच प्लूम तयार होतो. थ्वेट्स हिमनदीची रुंदी 120 किलोमीटर, आणि ती पूर्ण गेली तर समुद्र जगभर सरासरी 65 सेंटिमीटर वाढेल एवढा बर्फ तिच्यात आहे. 2020 च्या सुरुवातीला गरम पाण्याने बर्फात भोक पाडून आइसफिन नावाचा निमुळता रोबोट तिच्याखाली सोडला. ती जिथे जमीन सोडून तरंगायला लागते त्या जागेजवळ बर्फाची खालची सपाट बाजू वर्षाला साधारण 5 मीटर वितळत होती, अपेक्षेपेक्षा कमी. कारण ते गोडसर थंड आवरण, तुमच्या ग्लासातलंच. पण भेगांत आणि पायऱ्यांसारख्या उभ्या कडांवर वितळणं बरंच जास्त होतं. आणि वेग कमी असूनही ती टेकण्याची जागा 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे 14 किलोमीटर मागे गेली होती. थ्वेट्सखालची जमीन आतल्या बाजूला आणखी खोल होत जाते. मागे सरकेल तशी ती जास्त खोल पाण्यात, जास्त जाड तोंडाने उभी राहते, आणि जास्त बर्फ समुद्रात सोडते. अशा ठिकाणी समुद्राला फार जोर लावावाच लागत नाही.

मुलं पुढे विचारतील, आपल्याला काय? ग्रीनलंडने 1992 ते 2018 या काळात साधारण 3,900 अब्ज टन बर्फ गमावला, त्याने जगाचा समुद्र सुमारे 11 मिलिमीटर चढला. यात वर वितळून गेलेलं आणि हिमनद्यांनी समुद्रात लोटलेलं साधारण निम्मं-निम्मं. बर्फाचं वस्तुमान कमी झालं की त्याचं गुरुत्वाकर्षणही कमी होतं, ग्रीनलंडच्या काठचं पाणी उतरतं आणि वाढ दूरच्या समुद्रांच्या वाट्याला जास्त येते. मुंबई-कोकण दूरच्यांत मोडतं. नागपूर सव्वातीनशे मीटरच्या आत-बाहेर उंचीवर निवांत आहे, तिथे काही लाटा यायच्या नाहीत. पण झिरो माइलच्या खांबावर कोरलेली उंची कुठल्या पातळीपासून मोजली आहे, असा प्रश्न सहलीत विचारायला हरकत नाही.

शेवटचा प्रश्न हिमालयाचा. नाही, हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका. गंगोत्री आणि तिच्यासारख्या हिमनद्या जमिनीवर संपतात. तिथे हवा, ऊन, पाऊस-बर्फाचं प्रमाण आणि अंगावरच्या दगडमातीचा थर यांचा हिशेब चालतो. पण हिमालयातल्या काही हिमनद्या तळ्यात संपतात, आणि ती तळी वेगाने वाढताहेत. तिथे कड्याखाली खाच पडणं आणि तुकडे मोडणं असतं, मात्र प्लूमचं भौतिकशास्त्र उलटं होतं. तळ्याचं पाणी गोडं, त्यामुळे हिमनदीखालून आलेल्या पाण्याला हलकेपणाचा फायदा मिळत नाही. गाळाने भरलेलं असलं तर ते तळाशीच पसरतं. शिवाय गोडं पाणी 4 अंशांना सर्वात जड असतं, म्हणून उष्णता वर-खाली फिरण्याची रीतही वेगळी. सिक्कीममधलं साउथ ल्होनाक हे असंच हिमनदीच्या तोंडाशी वाढलेलं तळं. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या काठचा गाळाचा उतार आत घसरला, लाट उठली, बांध फुटला आणि तीस्तेला पूर आला. हिमालयाच्या धड्यात समुद्रातल्या हिमनद्यांपेक्षा हे उदाहरण घ्या. नकाशावर तळं आणि त्याच्या खालची धरणं दाखवली तर मागच्या बाकावरचा तोच मुलगा पुढचा प्रश्न विचारेल, तेव्हा तो मला पाठवा.